प्लॅन बघून येणारे मामा

मुंबईत राहणाऱ्यांकडे गावाकडचे पाहुणे मुंबई बघायला येतात, असं निदान मुंबईत न राहणाऱ्यांना वाटतं. प्रत्यक्षात पाहुणे येतात ते कुणाचे तरी रिपोर्ट मोठ्या डॉक्टरांना दाखवायला, लग्नाचा बस्ता बांधायला, व्हिसाच्या मुलाखतीला किंवा सिद्धिविनायकाला बोललेला नवस फेडायला. काम झालं की ते सोफ्यावर टेकतात, "काय ही गर्दी! तुम्ही राहता तरी कसे हो?" असं विचारतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. एक गादी, एक बादली गरम पाणी आणि दादरपर्यंत सोडायला एक माणूस एवढं दिलं की भागतं. यजमानाच्या दृष्टीने हा पाहुण्यांचा सोपा प्रकार.

अवघड प्रकार निराळा. तो मुंबईला नाटकं आणि म्युझियमं बघायला येतो, आणि त्याला ती खरोखरच बघायची असतात.

आमच्या घरी हा प्रकार सांगलीच्या मामांच्या रूपाने येतो. तुमच्याकडे सोलापूरचे काका येत असतील, अकोल्याच्या मावशी किंवा रत्नागिरीचे भाऊजी येत असतील. गाव बदलतं, खिशातलं कात्रण तेच असतं. कात्रण म्हणजे वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींच्या पानाचं. मुंबईची आवृत्ती सांगलीला मिळत नाही, म्हणून मामा दादरच्या एका मित्राकडून त्या पानाचा मोबाइलवर फोटो मागवतात, कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याची झेरॉक्स काढून घेतात आणि तांबड्या शाईने त्यावर खुणा करतात. मग फोन येतो.

"दीनानाथला शनिवारी दुपारी प्रयोग आहे, शिवाजी मंदिरला रविवारी. कालिदास तर तुमच्या घराजवळच, तिथं काय आहे ते बघून ठेव. मधले दिवस म्युझियमला. प्लॅन उघडला का रे?"

सगळे बरे आहात ना, वगैरे नंतर. आपण "या ना मामा" म्हणेपर्यंत महालक्ष्मी एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन झालेलं असतं. स्टेशनवर घ्यायला यायचं नाही, हा त्यांचा दंडक. सकाळी कल्याणला उतरून, लोकल पकडून ते मुलुंडला आमची बेल वाजवतात. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात भडंगाची पिशवी, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. चहाचं आधण ठेवेपर्यंत आंघोळ उरकून विचारतात, "मग? निघायचं ना?"

मामा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. चाळीस वर्षं त्यांनी शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहिल्या, पोती मोजली आणि बेरीज जुळल्याशिवाय दुकानाबाहेर पाऊल ठेवलं नाही. नोकरीतून ते निवृत्त झाले, सवयीतून नाही. त्यामुळे म्युझियम ही त्यांच्या लेखी बघायची नव्हे, तपासायची जागा आहे. तुम्ही-आम्ही दालनात शिरतो, बुद्धाकडे आदराने बघतो, तलवारींपुढे जरा जास्त रेंगाळतो आणि पंख्याखालचं बाकडं शोधतो. मामा आधी पाटी वाचतात, मग वस्तू बघतात, मग पुन्हा पाटी वाचतात. माल पाटीबरहुकूम आहे अशी खात्री पटली की मान हलवून पुढच्या कपाटाकडे सरकतात. मूर्ती चतुर्भुज आणि दिसतायत तीनच हात, असं झालं की काम थांबतं.

"हा चौथा हात इथं आल्यावर मोडला, की मोडकाच आला?" ते दालनातल्या रखवालदाराला विचारतात.

स्वच्छतागृह कुठे आहे याखेरीज दुसरं काही त्याला कुणी विचारल्याला बरेच दिवस झालेले असतात. तो खुर्चीतून उठून उभा राहतो.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या बागेत शिरलं की मामांची तोंडी परीक्षा सुरू होते. "पायाचा दगड १९०५ ला बसला. इमारत १९१४ ला तयार. लोकांना आत सोडलं १९२२ ला. मधली आठ वर्षं काय केलं?" आपण गप्प. उत्तर त्यांच्याकडेच असतं. मधे पहिलं महायुद्ध झालं आणि या इमारतीत जखमी सैनिकांचं इस्पितळ होतं. मग घुमट. सांगलीकराला विजापूर जवळचं. मामांनी गोलघुमट इतक्या वेळा पाहिलाय की शेजारच्या घरातल्या पोरासारखा ते त्याचा एकेरीत उल्लेख करतात. जॉर्ज विटेट या वास्तुकाराने इथला घुमट त्या गोलघुमटावरून सुचून बांधला, हे कळल्यापासून या इमारतीकडे त्यांचा बघण्याचा नूरच बदलला आहे.

"घुमट विजापूरचा," ते बोटांवर मोजत सांगतात. "आतलं लाकडी कोरीवकाम नाशिकच्या वाड्यातलं. पिवळा दगड मालाडचा, निळा-काळा कुर्ल्याचा. यात मुंबईचं काय?"

"मामाआजोबा, मालाड-कुर्ला मुंबईतच आहे," माझा मुलगा म्हणाला.

"तेव्हा नव्हतं. आणि तुझं मुलुंडही नव्हतं."

मुलगा त्या क्षणापासून त्यांचा शिष्य झाला. शाळेच्या सहलीत याच म्युझियममधून तो पाऊण तासात बाहेर पडला होता आणि घरी येऊन त्याने फक्त उपाहारगृहातल्या सँडविचबद्दल सांगितलं होतं. मामांबरोबर त्याला एका दालनाला तेवढा वेळ लागतो. प्राण्यांच्या विभागात गव्यासमोर उभं राहून मामा म्हणाले, "हा आपल्या चांदोलीतला." मुलाने पाटी वाचली. तसं तिथे काही लिहिलेलं नव्हतं. "लिहिणारा चांदोलीला गेला नसेल," मामांनी निकाल दिला.

असिरियाच्या राजवाड्यातल्या शिल्पपटांपुढे मात्र ते बराच वेळ काही बोलत नाहीत. दाढीच्या वळ्या, पंख, दंडावरचे फुगलेले स्नायू, हे सगळं ते चष्मा काढून, काचेला नाक लागेल इतक्या जवळून बघतात. मग चष्मा घालून दोन पावलं मागे येऊन बघतात. "निमरूदहून आलंय," ते शेवटी म्हणाले. "आज इराकमध्ये आहे ते. दोन हजार आठशे-नऊशे वर्षं झाली. ते तिथून आलं, मी सांगलीहून आलो. मुलुंडच्या माणसाला तेवढं लांब पडतं."

हा टोला मला होता. पण मुंबईकराची बाजू कुणीतरी मांडायला हवी. आम्हाला ही ठिकाणं माहीत असतात. जहांगीर कलादालनात मी पुष्कळदा गेलो आहे. पाऊस फार असला की तिथे आडोसा उत्तम मिळतो, आणि प्रवेश फुकट आहे. मामांना हे फुकटचं प्रकरण मुळीच पटत नाही. फुकट बघितलेल्याचं काहीतरी देणं लागतो या भावनेने ते बाहेर पडताना चित्रकाराच्या अभिप्रायाच्या वहीत सविस्तर लिहितात आणि खाली ता. मिरज, जि. सांगली असा पूर्ण पत्ता घालतात. एकदा त्यांनी लिहिलं, 'चित्र क्र. ९ मधील बैल उत्तम. मात्र शिंगे खिलार जातीची वाटत नाहीत.' चित्रकार जवळच उभा होता. तो बिचारा पुढे येऊन म्हणाला, "काका, तो खिलार नाहीच आहे." "मग तसं खाली लिहा की," मामा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी त्याला चहा पाजला आणि तैलरंग किती दिवसांत वाळतो, कॅनव्हासला मीटरमागे काय पडतं, चित्र विकलं गेलं नाही तर ते परत न्यायचं भाडं कोण देतं, असं सगळं विचारून घेतलं. शेवटचा प्रश्न त्या चित्रकाराला आजवर कुणी विचारला नसावा. तो बराच वेळ बोलला.

रिझर्व्ह बँकेच्या नाण्यांच्या संग्रहालयाबद्दल फार लिहीत नाही. हिशेबात आयुष्य गेलेला माणूस होनापासून नोटेपर्यंतच्या दालनांत सोडला तर काय होतं, हे वाचकांनी समजून घ्यावं. आम्ही सकाळी गेलो आणि आत दुसरं कुणी उरलं नाही तेव्हा निघालो. दारावरच्या तपासणीत पिशवीतलं भडंग निघालं. "हे काय?" "सांगलीचं. लसूण घातलेलं," मामांनी माहिती दिली. पहारेकरी साताऱ्याचा निघाला. पुढचं सोपं गेलं.

पण मामांचा खरा जीव भायखळ्याला, राणीच्या बागेतल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयावर. एकतर ते एका सकाळीत पुरतं तपासून होतं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने ते १८७२ साली उघडलं, आजचं नाव १९७५ चं. आत निरनिराळ्या पेहरावांतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत, त्यातल्या प्रत्येकाची पगडी मामा बारकाईने बघतात आणि कोण कुठला ते ओळखतात. पण त्याआधी बाहेरचा दगडी हत्ती. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ च्या सुमारास इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना क्रेन मोडली, हत्ती पडून फुटला, आणि फुटलेला हत्ती कोण नेणार म्हणून इथेच राहिला. पुढे तुकडे जोडून त्याला उभा केला. ही हकीगत सांगताना मामांच्या चेहऱ्यावर हत्ती फुटल्याचं दुःख आणि क्रेन मोडल्याचा आनंद अशा दोन्ही भावना असतात, आणि आनंदाचं पारडं जड असतं.

मग ते हत्तीच्या सावलीत उभं राहून मूळ मुद्द्यावर येतात. हे म्युझियम व्हावं म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत भाऊ दाजींबरोबर नाना शंकरशेट होते. याच नानांनी ग्रँट रोडच्या नाटकगृहासाठी जागा दिली. त्या नाटकगृहात १८५३ साली विष्णुदास भाव्यांनी येऊन खेळ केले.

"आणि भावे कुठले?"

"सांगलीचे!" माझा मुलगा ओरडतो. हे उत्तर चुकलं तर राणीच्या बागेतले पेंग्विन बघायला मिळत नाहीत.

"सांगलीचे. १८४३ साली सांगलीच्या राजेसाहेबांपुढे 'सीतास्वयंवर' झालं. दहा वर्षं आम्ही नाटक वापरून बघितलं, चालतंय म्हटल्यावर मुंबईला दिलं."

म्हणजे मुंबईत नाटक बघताना मामा पाहुणे नसतात. दिलेला माल नीट ठेवलाय की नाही ते बघायला आलेले असतात.

नाट्यगृहावर ते प्रयोगाच्या तासभर आधी पोचतात. आमच्या मुलाने मोबाइलवरून तिकिटं काढून ठेवलेली असली तरी खिडकीवर जाऊन प्लॅन बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. "मोबाइलवर खुर्ची दिसते रे, पुढे बसणाऱ्याची उंची दिसत नाही." ती खिडकीतल्या माणसालाही दिसत नाही, पण मामा त्याच्याशी दहा मिनिटं बोलून येतात आणि गाभाऱ्यातून आल्यागत शांत होतात. सातव्या रांगेतली रस्त्याकडची खुर्ची त्यांना लागते. गुडघा लांब करता येतो. पहिल्या घंटेला ते बसतात, दुसरीला मोबाइल बंद करतात, तिसरीला मागच्या रांगेतल्या कुजबुजणाऱ्या जोडप्याकडे एकदाच वळून बघतात. पुढचे दोन-अडीच तास ते जोडपं एकमेकांशी बोलत नाही. घरी गेल्यावर बोलतं की नाही कल्पना नाही.

एकदा हौसेने त्यांना जुहूला पृथ्वी थिएटरला नेलं. जेमतेम दोनशे खुर्च्या, पडदा नाही आणि प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना. नाटक त्यांना फार आवडलं. तक्रार एकच होती. "आपण कडेला बसलो होतो. पहिल्या प्रवेशात निम्मा वेळ त्या नटाची पाठ बघितली. पाठीचेही तेवढेच पैसे घेतात?" मग विचार करून म्हणाले, "पाठीनं मात्र चांगलं काम केलं."

आता बटाटावडा. मध्यंतरातला वडा हा प्रयोगाचा भाग आहे, तो संहितेत नसतो इतकंच, असं मामांचं मत. पण मध्यंतर पंधरा मिनिटांचं, प्रेक्षक सातशे आणि कढई एक. यावर मामांनी तोड काढली आहे. ते जे नाटक बघायला येतात ते बहुधा त्यांनी आधी पाहिलेलं असतं, त्यामुळे पहिला अंक कुठे संपतो ते त्यांना पाठ. शेवटच्या प्रवेशात नायिका पाठमोरी झाली की माझ्या बरगडीत कोपर बसतं.

"ऊठ. आता ती रडणार, हा पत्र फाडणार, मग पडदा. रांग लाव."

मी वाकून, मामांच्या पायांवरून, अंधारात बाहेर पडतो. बाहेर माझ्यासारखे चार-पाच भाचे-पुतणे आधीच रांगेत असतात. आम्ही एकमेकांना आता ओळखतो. आतून टाळ्या ऐकू येतात तेव्हा आमच्या हातात कागदावर वडे, वर लाल चटणी आणि तळलेली मिरची असते. शिवाजी मंदिर, दीनानाथ, यशवंत, सगळीकडे हाच क्रम. परिणामी मराठी रंगभूमीवरच्या गेल्या कित्येक वर्षांतल्या चांगल्या नाटकांचा पहिला अंक कसा संपतो, हे मला माहीत नाही. दुसऱ्या अंकात सगळे एकमेकांवर का चिडलेत, याचा मी अंदाज करत बसतो. माझी बायको माझ्या पलीकडच्या खुर्चीवर बसून तो शेवट नीट बघते, आणि परतताना लोकलमध्ये दोघं त्या पत्र फाडण्यावर मुलुंडपर्यंत बोलत राहतात.

मामा घरी असले की बायको खूश असते. सकाळी साडेनऊला दोन पोळ्या खाऊन बाहेर पडतो आणि संध्याकाळी घरी सांगण्यासारखं काहीतरी घेऊन येतो, असा पाहुणा दुसरा नाही, असं ती म्हणते. हे म्हणताना ती माझ्याकडे बघते. मीही साडेनऊलाच बाहेर पडतो.

प्रयोग संपल्यावर रंगपटात जायचं असतं. हा नियम आहे. तोंडावरचा रंग तेलाने पुसत बसलेल्या नटासमोर लोक "छान झालं", "अप्रतिम" म्हणतात, सेल्फी काढतात आणि सटकतात. मामा रांगेत शेवटी उभे राहतात. गर्दी ओसरली की नमस्कार करून सांगतात, "दुसऱ्या अंकात तुम्ही खिडकीशी गेलात तेव्हा उजवीकडचा दिवा मागाहून लागला." एकदा एका नटाने हातातला कापूस खाली ठेवला आणि आतल्या खोलीत हाक मारली, "ऐकलंस का? मी सांगत होतो!" आतून प्रकाशयोजनेचा पोरगा डोकावला, ओशाळला आणि पुन्हा आत गेला. मामांना खुर्ची मिळाली.

मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "सांगलीला कधी?"

नटाने व्यवस्थापकाकडे बघितलं. व्यवस्थापक म्हणाला, बघू, जमवू, पण दौऱ्याचं गणित अवघड झालंय. मामांनी खिशातलं पेन काढलं. तिकिटाच्या मागच्या बाजूला खर्च मांडायला सुरुवात केली. नेपथ्याचा ट्रक, कलाकारांची बस, पंधरा-वीस माणसांचा मुक्काम, जेवण, नाट्यगृहाचं भाडं, जाहिरात, नटांचं नाइटचं मानधन. एकेक रक्कम ते विचारत होते आणि व्यवस्थापक, आधी टाळत आणि मग अगदी मोकळेपणाने, सांगत होता. खाली रेघ ओढून मामांनी बेरीज केली, वर भाव्यांच्या गावातली तिकीटविक्री धरली आणि वजाबाकी केली. दिवाणजीला तोटा समजावून सांगावा लागत नाही.

"बरं," तिकीट खिशात घालत ते म्हणाले. "मग मीच येतो."

आणि ते येतात. त्यांच्या वहीत मुंबईतल्या प्रत्येक म्युझियमचं वेगळं पान आहे, प्रत्येक नाट्यगृहाचं वेगळं. कुठल्या नाट्यगृहाच्या बाल्कनीत आवाज नीट येतो, कुठे वडा गार देतात, कुठल्या दालनात बसायला बाक आहे, सोमवारी काय काय बंद असतं, सगळी नोंद आहे. शहर कुणाचं याचा निवाडा वहीवरून करायचा झाला तर माझ्या नावावर मुलुंड स्टेशनचा एक जिना आणि ऑफिसची लिफ्ट निघेल, बाकीची मुंबई सांगलीला जाईल.

तुमच्याकडेही असे कुणी येणार असतील तर त्यांना चौपाटी, मॉल वगैरे सुचवू नका, अपमान वाटतो. वड्याच्या रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. आणि एक लक्षात असू द्या, राणीची बाग आणि तिथलं म्युझियम बुधवारी बंद असतं. त्यांना हे माहीत आहेच, पण पाहुण्याने सांगण्याआधी यजमानाला माहीत असलेलं बरं.